वस्तू, तिचा फोटो आणि तिचं पान

‘शिवराई. तांबे. सतरावे शतक.’ संग्रहालयात काचेआड एवढीच पाटी असते आणि बहुतेकांना ती पुरते. नाणं समोर दिसतं, त्यावरचं ‘श्री / राजा / शिव’ तीन ओळींत वाचता येतं, त्यामुळे पाटी नाण्याविषयी बोलतेय हे कुणी सांगावं लागत नाही. राहिलेलं आपण आपल्या मनाने भरतो. तांब्याचं आहे ते नाणं, पाटी नव्हे. सतरावं शतक म्हणजे ते पाडलं गेलं तो काळ, संग्रहात दाखल झालं तो नव्हे.

हाच मजकूर वेबसाइटवर चढवला की वाचणाऱ्यांत एक असं गिऱ्हाईक येतं, ज्याला मनाने काहीच भरता येत नाही. सर्च इंजिनचा बॉट, दुसऱ्या संग्रहालयाचा प्रोग्रॅम, कुणा विद्यार्थ्याने लिहिलेली शंभर ओळींची स्क्रिप्ट. त्यांच्यासाठी पानाच्या पोटात एक वेगळा, डोळ्यांना न दिसणारा मजकूर ठेवावा लागतो: हे नाव, हा धातू, हा काळ, हे वजन. त्यालाच स्ट्रक्चर्ड मार्कअप म्हणतात. काम दिसायला कारकुनी आहे. पण करायला बसलं की कळतं, पाट्यांवर किती गोष्टी आपण न सांगताच सोडून दिल्या होत्या, आणि त्यातल्या काही तर आपल्याला कधी ठाऊकच नव्हत्या.

या कामासाठी दोन घराण्यांचे शब्द हाताशी आहेत. स्कीमा डॉट ऑर्ग हा शब्दसंग्रह २०११ साली गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून आणला. त्याच वर्षी यांडेक्स हे रशियन सर्च इंजिनही त्यात आलं. तो सगळ्या जगासाठी आहे. हॉटेलं, पाककृती, सिनेमे, नोकऱ्या आणि त्यातच एका कोपऱ्यात ‘व्हिज्युअलआर्टवर्क’, ‘पेंटिंग’, ‘स्कल्प्चर’, ‘म्यूझियम’. दुसरं घराणं संग्रहालयवाल्यांचं स्वतःचं: सिडॉक सीआरएम, जे २००६ पासून आयएसओ २११२७ या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिथे सगळा भर घटनांवर. वस्तूला तारीख नसते, ती घडवली गेली त्या घटनेला तारीख असते. घडवणारा माणूसही त्या घटनेला जोडलेला असतो, वस्तूला थेट नाही. विचार म्हणून हे फारच स्वच्छ आहे, पण रोजच्या वापराला जड. म्हणून त्यातलं नेमकं लागेल तेवढं घेऊन लिंक्ड आर्ट नावाचं सुटसुटीत रूप तयार झालं. माझं मत असं की बाहेरच्या जगासाठी स्कीमा आणि संशोधकांसाठी लिंक्ड आर्ट असं दोन्ही द्यावं. एकच जमणार असेल तर स्कीमा. सिडॉकच्या शंभराहून जास्त गुणधर्मांपासून सुरुवात करणारे प्रकल्प बहुधा पहिल्या तक्त्यावरच दमतात.

लिहिण्याच्या पद्धती तीन: मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी. इथे फार विचार करू नये, जेसन-एलडी घ्यावी. पहिल्या दोन्हींत खुणा पानाच्या एचटीएमएलमध्येच विणलेल्या असतात. दोन वर्षांनी डिझायनर टेम्प्लेट बदलतो, एखादा ‘डिव्ह’ उडवतो, आणि नाण्याचा धातू गुपचूप नाहीसा होतो. पान दिसायला पूर्वीसारखंच, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. जेसन-एलडी हा एका ‘स्क्रिप्ट’ टॅगमधला सलग ठोकळा असतो. तो वेगळा तयार करता येतो, वेगळा तपासता येतो, आणि पानाच्या सजावटीशी त्याचं देणंघेणं नसतं. तो २०१४ पासून डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, मानक आहे, १.१ ही आवृत्ती २०२० ची.

आता खरी गोची. वस्तूच्या पानावर तीन गोष्टी एकात एक अडकलेल्या असतात: वस्तू, वस्तूचा फोटो आणि ते पान. शिवराई पाडणारा टांकसाळीतला माणूस अज्ञात, तांबं जुनं. फोटो काढणारा संग्रहालयाचा छायाचित्रकार, साल समजा २०१९. पान लिहिणारा अभिरक्षक (क्युरेटर), शेवटची दुरुस्ती काल दुपारी. तिघांनाही कर्ता आहे, तारीख आहे, हक्क आहेत, आणि तिन्ही संच वेगळे. जेसन-एलडीत या तिघांना तीन स्वतंत्र ओळखपत्ते द्यावे लागतात, म्हणजे तीन ‘आयडी’. सोपी रीत अशी की पानाच्या पत्त्याला शेवटी हॅश लावून ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘इमेज’ अशी शेपटं जोडायची. मग पान म्हणतं, माझा मुख्य विषय ‘ऑब्जेक्ट’ शेपटाची ती वस्तू. वस्तू म्हणते, माझी प्रतिमा ‘इमेज’ शेपटाची ती. एवढं केलं की निम्मे घोटाळे होण्याआधीच टळतात.

न केल्यास काय होतं ते कुठल्याही वर्डप्रेस साइटवर पाहायला मिळेल. एसईओचा, म्हणजे सर्चमध्ये पान वर आणण्यासाठीचा, प्लगइन प्रत्येक पानाला आपसूक ‘आर्टिकल’ ठरवतो, लेखक म्हणून लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्याचं नाव घालतो आणि तारीख पान छापल्याची. त्याच पानात कुणी हाताने ‘व्हिज्युअलआर्टवर्क’चा ठोकळा घालतो, पण दोघांना एकच ‘आयडी’ देतो. यंत्राच्या दृष्टीने ही एकच गोष्ट झाली: मंगळवारी सकाळी साडेअकराला, वेबसाइट सांभाळणाऱ्याने पाडलेली शिवराई.

प्रकार कुठला निवडायचा हाही प्रश्न येतोच. चित्राला ‘पेंटिंग’, मूर्तीला ‘स्कल्प्चर’ आहे. नाण्याला, हत्याराला, समईला स्कीमात स्वतःचा प्रकार नाही. तिथे ‘व्हिज्युअलआर्टवर्क’ किंवा नुसतं ‘क्रिएटिव्हवर्क’ घ्यावं आणि ‘अ‍ॅडिशनलटाइप’मध्ये गेटीच्या कला-वास्तू कोशातला, म्हणजे एएटीमधला, नेमका दुवा द्यावा. हा कोश २०१४ पासून खुल्या दुव्यांच्या रूपात मिळतो. काही जण मात्र वजनाचा रकाना सापडतो म्हणून ‘प्रॉडक्ट’ निवडतात. प्रॉडक्ट म्हणजे विक्रीचा माल. मग गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे साइटवाल्यांना चुका दाखवणारं साधन, कुरकुरतं की किंमत तरी द्या, परीक्षण तरी द्या, नाहीतर ग्राहकांची सरासरी पसंती तरी द्या. शिवराईला किती तारे द्यायचे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पण अभिरक्षकाने नाही.

इथेच एक अपेक्षाभंग आधीच करून टाकलेला बरा. कलावस्तूंसाठी गूगलच्या निकालांत पाककृतीसारखी सजलेली चौकट येत नाही. मार्कअप घातलं की उद्यापासून झुंबड उडेल असं कुणी सांगत असेल तर त्याला निविदेतून वगळा. फायदा असतो तो ओळख पक्की होण्याचा: ही वस्तू, ती त्या संग्रहात, तो संग्रह त्या शहरात.

एकसारख्या अनेक प्रती असलेल्या वस्तूंत वस्तू कुणाला म्हणायचं हेच आधी ठरवावं लागतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत घाटकोपरला सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी घराघरांत गेल्या. अशी एक तसबीर संग्रहात असेल तर तीन थर होतात: मूळ तैलचित्र, त्यावरून काढलेली छापाची आवृत्ती आणि आपल्या भिंतीवरची ही एक प्रत. या प्रतीवर कुणा घरच्या बाईने लक्ष्मीच्या लुगड्याला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असू शकतात. तशी सजवायची पद्धतच होती. ती जर फक्त या प्रतीची. छापखान्याचं नाव आवृत्तीचं. रविवर्म्यांनी रंगवलं ते मूळ चित्र. स्कीमात प्रतीकडून मूळ कृतीकडे ‘एक्झाम्पलऑफवर्क’ने जाता येतं. हे न करता प्रतीलाच कर्ता म्हणून रविवर्मा लावला आणि माध्यम ‘कागदावर छपाई, जर, टिकल्या’ दिलं, तर जगातल्या यादीत रविवर्म्यांच्या नावावर एक टिकल्यांचं काम जमा होतं. नाण्यांचंही हेच. ‘शिवराई’ हा प्रकार, आणि क्रमांक अमुक हा त्या प्रकाराचा एक नग. नाणेशास्त्रवाले यासाठी नोमिस्मा डॉट ऑर्गचे दुवे वापरतात. प्रकार आणि नग हा भेद तिथे पायातच घातलेला आहे.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या तारखा, आणि तो वेळ द्यायलाच हवा.

‘सतरावे शतक’ हे पाटीवर ठीक. प्रोग्रॅमरला दिलं तर तो सरळ १६०१ ते १७०० असं भाषांतरित करेल. पण मागच्या बाजूला ‘छत्र / पति’ असलेलं नाणं राज्याभिषेकाच्या आधीचं कसं असेल? म्हणजे खालची मर्यादा १६७४. वरची मर्यादा त्याहून अवघड, कारण हाच लेख असलेल्या शिवराया पुढे पेशवाईतही पडत राहिल्या. अक्षरांचं वळण, वजन, धातूचा गोलवा पाहून जाणकार काहीतरी ठरवतो. त्याने ‘सतरावे शतक’ म्हटलं असेल तर यंत्रासाठी ते १६७४ ते १७००, आणि नुसतं ‘शिवराई’ म्हणून सोडलं असेल तर पुढची मर्यादा एकोणिसाव्या शतकात ढकलायला हवी. लिंक्ड आर्टमध्ये काळाची चौकट दोन टोकांनी बांधतात: ‘बिगिन ऑफ द बिगिन’, म्हणजे याआधी नक्कीच नाही, आणि ‘एंड ऑफ द एंड’, म्हणजे यानंतर नक्कीच नाही. जोडीला ‘सतरावे शतक’ हा माणसासाठीचा मजकूर नाव म्हणून जसाच्या तसा ठेवतात. दोन्ही ठेवावेत. आकडे शोधासाठी, शब्द वाचण्यासाठी. एकातून दुसरं काढायचा प्रयत्न करू नये.

स्कीमातला ‘डेटक्रिएटेड’ हा रकाना एका तारखेची वाट पाहतो. ‘१८९० च्या सुमारास’ लिहायचं तर ईडीटीएफची, म्हणजे अंदाजी तारखा लिहिण्याच्या पद्धतीची, खूण आहे, आयएसओ ८६०१ च्या २०१९ सालच्या दुसऱ्या भागात ती आली: सालानंतर तरंगरेघ म्हणजे अंदाजे, प्रश्नचिन्ह म्हणजे शंका, दोन सालांमध्ये तिरकी रेघ म्हणजे कालावधी. सगळीच साधनं ती वाचत नाहीत, तरीही खोटं एक साल देण्यापेक्षा ती बरी. पळवाट म्हणून कालावधी ‘टेम्पोरलकव्हरेज’मध्ये टाकण्याची खोड सर्रास दिसते. तो रकाना वस्तू कधी घडली यासाठी नाही, वस्तूचा विषय कुठल्या काळाचा यासाठी आहे. १९२० साली रंगवलेलं शिवराज्याभिषेकाचं चित्र असेल तर ‘डेटक्रिएटेड’ १९२० आणि ‘टेम्पोरलकव्हरेज’ १६७४.

आणि १६७४ म्हणताना तरी कुठली तारीख? शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. आपण ६ जून म्हणतो ती ज्यूलियन दिनदर्शिकेची. आज वापरतो त्या ग्रेगोरियनने तो दिवस १६ जून येतो. आयएसओ ८६०१ ला ग्रेगोरियनच कळते. विकिडेटात, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यात, तारखेसोबत दिनदर्शिका नोंदवायची सोय आहे, स्कीमात नाही. म्हणून दिवसाइतकी अचूकता लागत नसेल तर वर्षावर थांबावं. लागत असेल तर रकान्यात ग्रेगोरियन आणि वर्णनात मूळ मिती. कागदावर नुसतं शकवर्ष असेल तर डोळे मिटून ७८ मिळवू नयेत. शक चैत्रात बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर उत्तर एक साल नसून दोन सालांची जोडी आहे. मराठी दफ्तरात सुहूर सन असेल तर तो मृगाला बदलतो, त्याची बेरीज ५९९ किंवा ६००. ही बेरीज कोणी, कुठल्या नियमाने केली याची एक ओळ नोंदीत असली की पुढचा माणूस दुआ देईल. नाहीतर तो शिव्या देतो.

नावांचं दुखणं वेगळं. एम. व्ही. धुरंधर, रावबहादूर धुरंधर, महादेव विश्वनाथ धुरंधर ही तीन नावं एकाच चित्रकाराची (१८६७–१९४४). नावाने जोडलं तर तीन माणसं होतात. म्हणून कर्त्याच्या रकान्यात नुसती अक्षरं न देता ‘पर्सन’ची स्वतंत्र नोंद करायची आणि ‘सेमअ‍ॅज’मध्ये विकिडेटाचा आणि असल्यास गेटीच्या कलाकार-सूचीचा दुवा द्यायचा. हे दुवे शेकड्यांनी जुळवायला ओपनरिफाइन हे फुकट साधन उत्तम. मात्र त्यातलं ‘सगळ्यात जवळचं आपोआप जुळवा’ हे बटण दाबण्याआधी प्रकार ‘माणूस’ असा गाळून घ्यावा आणि जन्मसाल सोबत द्यावं; नाहीतर त्याच आडनावाचा भलताच कुणी येऊन बसतो. ‘सेमअ‍ॅज’ शब्द जपून वापरावा. ‘तेच’ म्हणजे तंतोतंत तेच. भायखळ्याच्या संग्रहालयाचं पूर्वीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम, १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट निराळं. नुसत्या नावावर जुळवणी सोडली तर जुन्या नोंदवहीतली भायखळ्याची वस्तू थेट लंडनला पोचते. संस्थेचं जुनं नाव ‘अल्टरनेटनेम’मध्ये जातं, नवा ‘आयडी’ काढायचा नसतो.

कोशांचंही असंच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी दिवे आणि अडकित्ते यांचाच केवढा पसारा आहे. अशा घरगुती वस्तूंच्या सगळ्या जातींना परदेशी कोशात जागा असेलच असं नाही. नसेल तिथे जवळचा शब्द ओढूनताणून ‘एक्झॅक्टमॅच’ करू नये. आपली स्वतःची छोटी संज्ञासूची करावी, प्रत्येक संज्ञेला कायमचा पत्ता द्यावा आणि कोशातल्या वरच्या, व्यापक संज्ञेला ‘ब्रॉडमॅच’ने जोडावं. यासाठी स्कॉस नावाचं मानक २००९ पासून आहे. चाळीस संज्ञांची नीट सूची ही चारशे ओढलेल्या दुव्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक थर येतो, ज्याबद्दल इंग्रजी मार्गदर्शिका चकार शब्द काढत नाहीत. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा काला. तो तसाच जेसनमध्ये गेला की यंत्राला मिळते चिन्हांची खिचडी. रूपांतर आधी करावं आणि त्यानंतर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी. रूपांतरकं नेमकी तिथेच घसरतात. युनिकोडमध्ये आल्यावरही ‘कऱ्हाड’ दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकदा खालच्या नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, एकदा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक घालून. छापल्यावर दोन्ही सारखेच, शोधताना एकमेकांचे अनोळखी. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, एनएफसी, ही दोन रूपं एक करत नाही; त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. तारखेच्या आणि मापाच्या रकान्यात देवनागरी आकडे चालत नाहीत, तिथे इंग्रजी आकडेच हवेत. वाचकाला दिसणाऱ्या मजकुरात हवे तेवढे देवनागरी वापरा. वर्डमधून चिकटवलेले गोलसर अवतरणचिन्ह आणि शेवटच्या ओळीनंतर राहिलेला स्वल्पविराम, या दोन कारणांनी अख्खा ठोकळा रद्द होतो. यंत्र अर्धं वाचत नाही, सगळंच सोडून देतं.

भाषेची खूण प्रत्येक मजकुराला वेगळी लावता येते आणि लावावी. मराठीला ‘एमआर’, संस्कृतला ‘एसए’. मोडी लिपी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे पत्रावरचा मूळ मजकूर मोडीतच देऊन त्याला ‘एमआर’च्या पुढे लिपीची खूण ‘मोडी’ जोडता येते, शेजारी बाळबोध लिप्यंतर. नाण्यावरचा लेख मात्र जेवढा दिसतो तेवढाच उतरवावा. साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे शिवराईवर पुष्कळदा ‘राजा’चा अर्धाच भाग उमटलेला असतो. पूर्ण लेख प्रकाराच्या नोंदीत, अर्धा दिसतो तो नगाच्या नोंदीत.

मापांबद्दल थोडक्यात. आकडा वेगळा, एकक वेगळं. ‘१२.४ ग्रॅम’ ही अक्षरं, १२.४ हा आकडा आणि ‘जीआरएम’ हा एककाचा ठरीव संकेत, सेंटिमीटरला ‘सीएमटी’. चित्राचं माप आधी उंची मग रुंदी, आणि चौकटीसह की चौकटीविना हे सांगितल्याशिवाय अर्धवट. स्कीमात व्यासाला रकाना नाही. लिंक्ड आर्टमध्ये मापाला एएटीची ‘व्यास’ ही संज्ञा जोडून काम होतं. ‘कॅनव्हासवर तैलरंग’ हा एक मजकूर नव्हे: तैलरंग ‘आर्टमीडियम’मध्ये, कॅनव्हास ‘आर्टवर्कसरफेस’मध्ये.

आता ज्या जागी मार्कअप खरोखर जड होतं तिथे येऊ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये उसनवारीवर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. एका वस्तूत तीन प्रश्न. पहिला सोपा आहे: मालक कोण आणि आत्ता वस्तू कुठे. सिडॉक आणि लिंक्ड आर्ट सध्याचा मालक, सध्याचा सांभाळणारा, सध्याची जागा आणि कायमची जागा हे चार रकाने वेगळे ठेवतात, म्हणून उसनवारी एका जागेचा बदल होऊन जाते. मालकाचा रकाना हलत नाही. ज्याने सुरुवातीला ‘जागा’ एवढा एकच रकाना केला, त्याला प्रत्येक प्रदर्शनाच्या वेळी मालकीच बदलल्यासारखी दिसते.

दुसरा प्रश्न वाटचालीचा. ही वाघनखं साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे आली, पुढे त्याच्या वंशजाने संग्रहालयाला दिली. हस्तांतराची प्रत्येक पायरी ही एक घटना: कुणाकडून, कुणाकडे, कधी, आणि जे माहीत नाही तो रकाना रिकामा. रिकामा म्हणजे रिकामा. ‘अज्ञात’ असं लिहून ‘अज्ञात’ नावाचा माणूस तयार करू नये. हे हास्यास्पद वाटेल, पण एकत्रित याद्यांमध्ये ‘अज्ञात’ नावाचा फार कष्टाळू कलाकार हमखास सापडतो.

तिसरा प्रश्न दाव्याचा. सोबतच्या पेटीवर इंग्रजी लेख आहे की ही शिवाजी महाराजांची वाघनखं. आणि संग्रहालयाची स्वतःची नोंद म्हणते की हीच ती १६५९ सालची वाघनखं असं पडताळून सांगता येत नाही. मार्कअपमध्ये याला वाट दोनच. वापरणारा म्हणून शिवाजी महाराजांचं नाव थेट लावलं तर यंत्र ते सत्य म्हणून पुढे पाठवतं, आणि तिथून ते विकिडेटात, तिथून चॅटबॉटच्या उत्तरात. दुसरी वाट: ‘अ‍ॅट्रिब्यूटअसाइनमेंट’, म्हणजे दावा ही स्वतंत्र घटना धरायची. दावा काय, कुणाचा, कशाच्या आधारावर. इथे आधार आहे पेटीवरचा लेख, आणि पेटी ही वाघनखांहून वेगळी वस्तू. तिची नोंद वेगळी, तिचा काळ वेगळा, लेख तिचा. वाघनखांवर काही लिहिलेलं नाही. संग्रहालयाचं म्हणणं हा दुसरा दावा. दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात. स्कीमात एवढी सोय नाही. तिथे नावाच्या रकान्यात ‘वाघनखं’ एवढंच ठेवावं आणि बाकी वर्णनात सांगावं. भावनेच्या भरात रकाना भरणं सोपं असतं, पण तो एकदा बाहेर गेला की मागे बोलावता येत नाही.

फोटोच्या हक्कांची नोंद फोटोला लागते, चित्राला नाही, हे पुन्हा त्या तीन गोष्टींपाशी येतं. रविवर्मा १९०६ साली गेले. भारतीय कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, त्यामुळे त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. फोटोवर संग्रहालयाला काही म्हणायचं असेल तर ते ‘इमेजऑब्जेक्ट’च्या परवान्यात जातं. गूगलच्या प्रतिमा-शोधात परवान्याची खूण दिसायला हवी असेल तर फोटोच्या फाइलचा पत्ता, परवान्याचा दुवा आणि शक्यतो श्रेयओळ द्या. इथला ‘क्रिएटर’ म्हणजे छायाचित्रकार. परवाना शब्दांत लिहून भागत नाही, क्रिएटिव्ह कॉमन्स किंवा राइट्सस्टेटमेंट्स डॉट ऑर्गचा दुवा हवा. दुसऱ्या ठिकाणी बारा ठरीव विधानं आहेत. मोठ्या प्रतिमा ट्रिपल-आय-एफने, म्हणजे प्रतिमा वेबवर देण्याच्या सामायिक पद्धतीने, देत असाल तर त्याच्या मॅनिफेस्टमधला (प्रतिमांसोबतच्या माहितीफाइलीतला) ‘मेटाडेटा’ भाग फक्त दाखवण्यासाठी आहे हे विसरू नका. तिथे घातलेलं ‘धातू: तांबे’ यंत्रासाठी निरर्थक अक्षरं आहेत. अर्थाचा ठोकळा वेगळ्या फाइलीत ठेवून मॅनिफेस्टमधून ‘सीऑल्सो’ने तिकडे बोट दाखवायचं.

छोट्या संग्रहालयाने सुरुवात करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पुण्याच्या सी-डॅकने केलेली ‘जतन’ ही प्रणाली राष्ट्रीय संग्रहालयं वापरतात. ती नसेल तर एक स्प्रेडशीट पुरते. एका ओळीत एक वस्तू, आणि स्तंभ: नोंद क्रमांक, नाव, प्रकाराचा दुवा, द्रव्य, सर्वांत आधीचं साल, सर्वांत उशिराचं साल, कालाचा मजकूर, कर्त्याचा दुवा, उंची, रुंदी, वजन, फोटोची फाइल, फोटोचा परवाना. एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक ओळीतून जेसन-एलडीचा ठोकळा काढते. आधी पन्नासच वस्तू घ्या, पण वेगवेगळ्या जातीच्या: नाणं, चित्र, छाप, जोडीने येणारी वस्तू, तुटलेली मूर्ती. एकाच जातीच्या पाचशेंपेक्षा या पन्नास जास्त चुका उघड्या पाडतात. तपासायला स्कीमाचा व्हॅलिडेटर आहे. तो व्याकरण तपासतो, सत्य नाही. शिवराई प्लास्टिकची लिहिली तरी तो हिरवीच खूण देतो. म्हणून प्रत्येक जातीतली एक नोंद जाणकाराला छापून वाचायला द्यावी.

पत्ता वस्तूच्या नोंद क्रमांकावरून करताना क्रमांकात तिरकी रेघ किंवा मोकळी जागा असेल तर आधी ती बदलण्याचा एकच नियम ठरवा. ‘१२/१९५९’ मधली रेघ वेब सर्व्हरला फोल्डर वाटते. पत्त्याच्या शेवटी डॉट पीएचपी किंवा डॉट एएसपीएक्स येऊ देऊ नका, सॉफ्टवेअर बदललं की सगळे दुवे मरतात. वस्तू संग्रहातून गेली तर तिचा क्रमांक दुसऱ्या वस्तूला लावू नका, आणि पानही गायब करू नका. ‘ही वस्तू आता इथे नाही’ असं सांगणारं पान ठेवा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला कुठले स्तंभ द्यायचे नाहीत, ही यादी मात्र पहिल्याच दिवशी भिंतीवर लागलेली हवी. कोठारातलं कपाट आणि खण, विम्याची रक्कम, देणगीदाराचा घरचा पत्ता. मार्कअप डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते खाजगी आहे असा समज पक्का असतो. पानाचा सोर्स कुणीही उघडतो आणि कपाट क्रमांक सात वाचतो. सापडल्या जागेचे अक्षांश-रेखांशही तसेच. शेतात नाण्यांचा हंडा निघाला, निधीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे तो सरकारजमा होऊन संग्रहालयात आला, आणि नोंदीत जीपीएसचे सहा दशांश स्थळांपर्यंतचे आकडे आहेत. हे आकडे मीटरभराच्या आत नेतात. बाहेर जाणाऱ्या ठोकळ्यात ते काढून फक्त तालुक्याचा दुवा द्यायचा, आणि मूळ आकडे आतल्या फाइलीत.